नोटरीणबाईंचा खटला

दुबईच्या आमच्या मराठी मंडळाने यंदा स्मरणिका काढली. तीत माझ्या वाट्याला अर्धे पान आले असून त्या अर्ध्या पानात माझे आडनाव तेवढे बरोबर छापले आहे. मजकूर माजी अध्यक्ष गुप्ते यांचा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी करामा या वस्तीतल्या गृहिणींना फ्रेंच कादंबऱ्या वाचून दाखवीत असे. त्यामुळे काही घरांत कुरबुरी झाल्या. आणि मग गुप्ते यांनी अभिरूप न्यायालयाची युक्ती काढून तो विषय सामोपचाराने मिटवला. यातला पहिला भाग अपुरा आहे, दुसरा फुगवलेला आहे आणि तिसरा धादांत खोटा आहे.

तोंडी आवृत्त्या याहून रंगतदार आहेत. पुण्यात एका मुंजीत एका गृहस्थांनी मलाच ऐकवले, की आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई ढसाढसा रडली आणि फिर्यादी वकील सभागृह सोडून तरातरा निघून गेला. त्यांच्या शेजारच्याने भर घातली, "उत्तरं सगळी त्या बर्वे मास्तरानं लिहून दिली होती म्हणे." तो बर्वे मास्तर मीच. मी विचारले, "आपण होतात का तिथे?" तर म्हणाले, "नव्हतो हो, पण सगळ्यांना माहीत आहे."

मी तिथे होतो. बचावाचा वकील मीच होतो. सगळ्यांना जे माहीत आहे ते खोडून काढण्याची सवय मला पहिल्यापासून आहे आणि पंचाहत्तरी उलटली म्हणून ती मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही.

माझा व्यवसाय फ्रेंच शिकवण्याचा. पुण्यातल्या एका महाविद्यालयात उमेदीची वर्षे घालवून नव्वदीच्या सुरुवातीला मी दुबईतल्या एका भारतीय शाळेत रुजू झालो. बाहेरच्या माणसाला या व्यवसायाची कल्पना नसते. भारतीय शाळेतला मुलगा फ्रेंच घेतो तो फ्रान्सच्या ओढीने घेत नाही. हिंदीपेक्षा मार्क बरे पडतात म्हणून घेतो. त्याला मी वर्षभर स्टेशनावर तिकीट काढायला, बेकरीत पाव मागायला आणि आजीला पोस्टकार्ड धाडायला शिकवीत असे. एका केरळी पालकांनी मला मोठ्या काळजीने विचारले होते, "सर, धिस फ्रेंच, इट विल वर्क इन कॅनडा?" मी म्हटले, "येस, बट इन विंटर इट बिकम्स अ लिटल हार्ड." त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

माझा खरा विषय मात्र पाव आणि पोस्टकार्ड नव्हता. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच कादंबरी आणि तीतली असंतुष्ट नायिका, हा विषय मी पुण्यात एम.ए.च्या वर्गाला तळमळून शिकवला होता. त्या शतकात ही बाई जागोजागी भेटते. कधी ती खेड्यातल्या सधन शेतकऱ्याची मुलगी असते, कधी कर्ज झालेल्या उमरावाच्या घरात पैशापोटी दिलेली व्यापाऱ्याची कन्या, कधी काउंटरमागे उभी राहून दुसऱ्यांच्या अंगावरचे रेशीम मोजणारी. तिला वाचायला शिकवलेले असते, पियानो शिकवलेला असतो, आणि मग अशा घरात नेऊन ठेवलेले असते, की जिथे यांतल्या कशाचीच कोणाला गरज नसते. पंडित तिच्या असंतोषाची दोन निदाने करतात. एक, कादंबऱ्या वाचून बिघडली. दोन, चैनीची हाव सुटली. ही दोन्ही निदाने नवऱ्यांना सोयीची आहेत, म्हणून टिकली आहेत. माझे म्हणणे असे, की तिचा समाजातला दर्जा उसना असतो. वडिलांच्या नावावर वाढली, नवऱ्याच्या नावावर पायरी चढली. स्वतःच्या नावावर तिला उभे राहायला जिन्याची एक पायरीही नसते. उसन्या दागिन्यात सुखाने मिरवणाऱ्या बायका असतात. ही त्यांतली नसते, एवढाच तिचा गुन्हा.

हे वर्गात समजावण्याची माझी एक पद्धत होती. कादंबरी उघडली, की मी प्रेमप्रकरण बाजूला ठेवायला सांगे आणि एकच गोष्ट शोधायला लावी: कोण कोणाकडे जेवायला जाते, आणि परतीचे आमंत्रण कोणाला देता येत नाही. नायिकेला एकदाच वरच्या घरचे बोलावणे येते. झुंबरे, काचेची भांडी, हातमोजे घातलेले नोकर. ती परत येते आणि आपल्या जेवणाच्या टेबलाकडे पाहते. त्या लोकांना आपण कधीही इथे बोलावू शकणार नाही, आणि बोलावले तरी ते येणार नाहीत, हे तिला कळते. पुढची सारी कादंबरी त्या न दिलेल्या आमंत्रणातून निघते.

पुण्यातल्या विद्यार्थ्यांना हे पाठ करावे लागे. कराम्यातल्या बायकांना मी वाक्य पुरे करण्याआधीच कळले.

कारण दुबई. तिथे नवा मराठी माणूस भेटला, की पहिला प्रश्न "कुठे राहता?" आणि दुसरा "फ्लॅट कंपनीचा का?" जुमेऱ्यात व्हिला असलेले वर, कराम्यातल्या जुन्या इमारतींत राहणारे मध्ये, भाडे परवडत नाही म्हणून शारजातून रोज ये-जा करणारे खाली. शिक्षकाची गंमत अशी, की त्याला नमस्कार वरच्या मजल्यावरचा मिळे आणि आमंत्रण खालचे. संक्रांतीचे हळदीकुंकू घ्या. जुमेऱ्यातल्या वसुधाताई, म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या जनरल मॅनेजरच्या पत्नी, दरवर्षी व्हिलात थाटाचे हळदीकुंकू करीत. कराम्यातल्या बायका नटूनथटून जात आणि येताना आग्रहाने बोलावणे करून येत. वसुधाताईंचे उत्तर ठरलेले असे: "आले असते गं, पण कराम्यात पार्किंगच मिळत नाही!" हे उत्तर इतके अचूक होते, की त्यावर रागावताही येत नसे. कराम्यात पार्किंग खरोखरच मिळत नसे.

आता वाचनवर्गाची जन्मकथा. तो मी काढला नाही. मंडळाला एका उडुपी हॉटेलच्या वरची खोली मिळाली होती आणि ती रिकामीच असे. एका दुपारी माझ्या वर्गातली ऋचा पोतनीस नावाची मुलगी तास संपल्यावर टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, माय मॉम करेक्ट्स युवर करेक्शन्स."

"म्हणजे?"

"शी सेज यू मिस्ड टू मिस्टेक्स. शी यूज्ड टू टीच फ्रेंच. बिफोर मी."

मी वही तपासली. दोन चुका खरोखर सुटल्या होत्या. मी तिच्या आईला निरोप धाडला, की ज्या व्यक्तीला माझ्या चुका दिसतात तिला मला भेटायचे आहे. अशा आल्या माधवी पोतनीस. पुण्याच्या, फ्रेंचच्या पदवीधर, दोन वर्षे महाविद्यालयात शिकवलेल्या. मग लग्न, दुबई, आणि नवऱ्यामार्फत मिळालेल्या व्हिसावर पासपोर्टात उमटलेला तो शिक्का: गृहिणी, कामाची परवानगी नाही. तो शिक्का तेव्हा कराम्यात घरटी एक होता. त्याखाली एम.एस्सी. होत्या, बँकेतल्या होत्या, एक तर भूलतज्ज्ञ होत्या. माधवीबाईच म्हणाल्या, "सर, आम्ही सातआठ जणी आहोत. संध्याकाळी मुलं शिकवणीला गेली की वेळ असतो. तुमच्या त्या कादंबऱ्या आम्हाला सांगाल?"

मी सांगू लागलो. परिच्छेद फ्रेंचमध्ये वाचायचा, कानाला कळू द्यायचा, मग मराठीत उलगडायचा. फी नव्हती; खालून चहा येई तो त्या मागवीत. हळूहळू त्यांनी सगळ्या कादंबऱ्यांतून थोडे थोडे घेऊन स्वतःची एक नायिका घडवली. लहान गावातल्या नोटरीची बायको. तिकडे नोटरी म्हणजे जमिनीचे, वारशाचे दस्तऐवज करून देणारा, गावात मान असलेला, दोन वेळा नीट जेवणारा माणूस. तिला त्यांनी नाव दिले नोटरीणबाई. "आज नोटरीणबाईंनी काय केलं असतं?" हा त्यांचा खेळ होऊन बसला. वसुधाताईंच्या हळदीकुंकवाहून परतल्यावर एकीने जाहीर केले, "नोटरीणबाई आज लेडी अमुकच्या वाड्यावर जाऊन आल्या. स्टीलचा डबा लुटला. परत येऊन बघतात तर घरचं टेबल लहान झालेलं." त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. गुप्त्यांना ज्या कुरबुरी ऐकू आल्या, त्या हसण्याच्या असाव्यात.

ठिणगी पडली ती निराळ्या कारणाने. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या फ्रेंच शिक्षिका कॅनडाला निघाल्या. (तिथे फ्रेंच चालले असणार.) प्राचार्यांनी मला माणूस शोधायला सांगितले. मी म्हटले, शोधलेला आहे. माधवी पोतनीस यांची मुलाखत झाली, त्यांनी दिलेला नमुना पाठ पाहून प्राचार्य मला म्हणाले, "बर्वे, शी इज बेटर दॅन यू." मी म्हटले, "मलाही तशी शंका आहे." आता उरले ते एकच. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला शाळेने परवाना काढून देण्यापूर्वी नवऱ्याचे ना-हरकत पत्र लागे. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होणार, त्याआधी ते पत्र आले नाही तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि फ्रेंचची जागा अशी काही दर वर्षी रिकामी होत नाही.

श्रीरंग पोतनीसांनी नाही म्हटले.

ते दुष्ट नव्हते. हे ठासून सांगणे भाग आहे, कारण मुंजीतल्या आवृत्तीत त्यांचा खलनायक झालेला आहे. वसुधाताईंच्या यजमानांच्याच कंपनीत ते मॅनेजर होते, हसतमुख, हजरजबाबी, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचे सूत्रसंचालक. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी स्वतः सरबत आणून दिले आणि म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण शाळेचा पगार काय? दोन हजार दिरहम. म्हणजे आपले बावीस हजार. तेवढ्यासाठी मॅनेजरची बायको डबा घेऊन स्कूल बसमध्ये बसली, तर ऑफिसात काय बोलतील? पोतनीसचं भागत नाही, हेच ना? माझं नाव पुढच्या ग्रेडसाठी गेलंय. व्हिला मिळेल. जीएमच्या मिसेसना काय सांगू?"

"प्रश्न पगाराचा नाही, पोतनीस."

"तेच तर म्हणतोय मी! पगाराचा नाही, मग हिला कमी काय आहे? सांगा ना, कमी काय आहे?"

माधवीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ऋचा सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, दॅट इज नॉट अ क्वेश्चन." तिला आत पाठवण्यात आले.

त्यानंतर पोतनीसांनी अध्यक्षांकडे तक्रार केली, की मंडळाच्या खोलीत फ्रेंच पुस्तके वाचली जातात. एवढेच पुरेसे होते. आपल्याकडे फ्रेंच म्हटले, की माणसाच्या डोळ्यांपुढे भलतेच काही उभे राहते. गुप्त्यांनी मला बोलावले.

"बर्वे, काय वाचता हो बायकांसमोर?"

"गावातल्या नोटरीच्या घरचा जमाखर्च."

"थट्टा नको. शेवटी काय होतं त्या बाईचं?"

"बहुधा मरते."

"बघा! म्हणजे असलं वाचायचं, आणि मग..." गुप्ते थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर कल्पना उगवली. "असं करू. स्नेहसंमेलनात अभिरूप न्यायालय ठेवू. असंतुष्ट नायिकेवर खटला. फिर्यादी वकील श्रीरंग, बचाव तुमचा, न्यायाधीश मी. लोकांपुढे होऊन जाऊ दे. हरलात तर ती खोली मंडळाला परत. खलास."

सामोपचार तो हा. पोतनीस आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा गाजवून आलेले. ते मला रंगमंचावर लोळवतील, लोक हसतील आणि वर्ग आपोआप बंद पडेल, असा हिशेब होता. मी अट घातली, की आरोपीला पिंजऱ्यात उभे राहून बोलू दिले पाहिजे. गुप्ते म्हणाले, "बोलू दे की. कोण होईल आरोपी?" दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारले. सगळ्या माधवीबाईंकडे पाहू लागल्या. त्या म्हणाल्या, "नोटरीणबाई मीच होणार. पण सर, मला काही लिहून देऊ नका."

मी एक अक्षर लिहून दिले नाही. मी लिहिले ते माझे स्वतःचे बचावाचे भाषण. त्यासाठी रात्री जागवल्या. तीस वर्षांच्या अध्यापनाचे सार त्यात होते. गेल्या शतकातल्या साऱ्या टीकाकारांचा त्यात एकेक करून समाचार घेतला होता.

स्नेहसंमेलन एका शाळेच्या सभागृहात झाले. पहिल्या रांगेत जुमेरा, मध्ये करामा, मागे शारजा. कोणी बसवले नव्हते, आपापले बसले होते. गुप्त्यांनी काळा कोट घातला होता आणि लाकडी हातोडा म्हणून घरून पोळीचे लाटणे आणले होते. आरोपपत्र वाचले गेले: सुखवस्तू, निर्व्यसनी नवरा असताना आरोपी असंतुष्ट राहिली आणि तिने घराण्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावला.

पोतनीस उठले. टाळ्या पडल्या. माणूस रंगमंचावर शोभत होता.

"नोटरीणबाई, तुमच्या पतीने तुमच्यावर कधी हात उगारला?"

"कधीच नाही."

"दारू?"

"जेवणाबरोबर. आमच्या गावात पाद्रीसुद्धा घेतो."

हशा. "उपाशी ठेवलं?"

"छे! त्यांना सुपाचे तीन प्रकार लागतात. मला तेवढेच खावे लागतात."

"घर?"

"चौकातलं. दोन मजली. समोर कारंजं."

पोतनीस प्रेक्षकांकडे वळले, दोन्ही हात पसरले. "मारहाण नाही, व्यसन नाही, चौकात घर, समोर कारंजं! माय लॉर्ड, मी आरोपीला एकच प्रश्न विचारतो." मग वळून, "बाई, तुम्हाला कमी काय होतं?"

सभागृह टाळ्यांनी दणाणले. पुरुषांच्या टाळ्या, हे मी नमूद करतो. मी उठलो आणि म्हणालो, "हरकत, माय लॉर्ड!" तेव्हा माधवीबाईंनी पिंजऱ्यातून माझ्याकडे पाहिले आणि हाताने खूण केली, बसा. मी बसलो. माझ्या साऱ्या वकिलीत मी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम तेच.

त्या म्हणाल्या, "कमी काहीच नव्हतं, वकीलसाहेब. होतं ते सगळं त्यांचं होतं. चौकातून मी निघाले की लोक टोप्या काढून नमस्कार करायचे. मला फार बरं वाटायचं. मग एकदा हे चार दिवस परगावी गेले आणि माझ्या लक्षात आलं, की माझे नमस्कारपण त्यांच्याबरोबर परगावी गेलेत."

मागच्या रांगांतून कोणीतरी हसले. एकच जण, आणि लगेच थांबले.

पोतनीस सावध झाले. "म्हणजे तुम्हाला स्वतःचे नमस्कार हवे होते. त्यासाठी काय करणार होतात?"

"मला पियानो येतो. लग्न जमावं म्हणून शिकवला होता. लग्न जमलं आणि पियानोवर फुलदाणी आली. मी म्हटलं, फुलदाणी उचलते आणि गावातल्या मुलांना शिकवते."

"नोटरीच्या पत्नीनं शिकवण्या करायच्या? घरात सगळं असताना?"

"हेही तसंच म्हणाले. म्हणाले, लोकांना वाटेल नोटरीचं भागत नाही."

पोतनीसांच्या हातातले कागद होते तिथे थांबले. हे वाक्य त्यांनी त्यांच्या बैठकीत माझ्यासमोर उच्चारलेले होते. ते मला ठाऊक, त्यांना ठाऊक, माधवीबाईंना आणि ऋचाला ठाऊक. सभागृहात आणखी कोणालाही ठाऊक नव्हते. घरातले भांडण चव्हाट्यावर आणले असे जे म्हणतात, त्यांनी याचे उत्तर द्यावे. माधवीबाई क्षणभरही नोटरीणबाईंच्या बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. आवाज वर्गात फळ्यापाशी असावा तसा होता.

गुप्त्यांना वाटले आरोपी भरकटते आहे. त्यांनी लाटणे आपटले. "हे कुठल्या पुस्तकात आहे? संदर्भ द्या."

नोटरीणबाई म्हणाल्या, "सगळ्याच, माय लॉर्ड."

ज्या टाळ्या आल्या त्या मागून पुढे आल्या. आधी शारजा, मग करामा. त्या आवाजात बांगड्या होत्या. पहिल्या रांगेपर्यंत पोहोचायला त्यांना थोडा वेळ लागला, पण पोहोचल्या; वसुधाताईंनी पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे यजमान शेजारी होते. त्यांनी आधी पत्नीकडे पाहिले आणि मग तेही वाजवू लागले.

पोतनीस टाळ्या थांबेपर्यंत उभे होते. त्यांनी कागद टेबलावर पालथे ठेवले. पुढचा प्रश्न त्यांच्या तयारीतला नव्हता, हे मी वकील म्हणून सांगू शकतो.

"हे तुम्ही तुमच्या नोटरींना सांगितलं होतंत?"

"त्यांनी विचारलं, कमी काय आहे. त्याला उत्तर नव्हतं. काय हवंय, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"काय हवंय?"

"सकाळी घरातून निघायला एक कारण," माधवीबाई म्हणाल्या. "आणि गावात अशी एक खोली, की जिच्यात मी शिरले की पोरं माझ्यासाठी उभी राहतील."

पोतनीस न्यायासनाकडे वळले आणि आपल्या सूत्रसंचालनाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "माय लॉर्ड, फिर्यादी पक्ष खटला मागे घेत आहे."

"अरे, असं कसं मागे घेतोस?" गुप्ते न्यायाधीशपण विसरून म्हणाले. "अजून बर्व्यांचं भाषण व्हायचंय!"

"भाषणाची गरज नाही, साहेब. फिर्यादच चुकीच्या माणसावर होती."

ते निघून गेले नाहीत. पिंजऱ्यापाशी गेले, शाळेच्या बाकांचा तो पिंजरा एका बाजूने उघडला आणि आरोपीला बाहेर यायला वाट करून दिली. ऋचा खुर्चीवर उभी राहून, चला या अर्थाच्या अरबी शब्दात ओरडली, "यल्ला, बाबा!" आणि या वेळी तिला कोणी आत पाठवले नाही.

पोतनीस हरले असे स्मरणिकेत सुचवले आहे. हरणे आणि मागे घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हरायला कोणीही हरतो. चारशे माणसांसमोर, आपल्या साहेबाच्या देखत, स्वतःची फिर्याद मागे घ्यायला छाती लागते. ना-हरकत पत्र त्यांच्यावर दडपण आणून घेतले, ही वदंताही तशीच. शाळेचा पुढचा दिवस उगवला तेव्हा ते स्वतः ऑफिसच्या आधी शाळेत आले, पत्र प्राचार्यांच्या हाती दिले आणि स्टाफरूमच्या दारातून मला म्हणाले, "सर, तुमचं भाषण एकदा वाचायला द्या. फुकट गेलं बिचारं."

ते गेलेच. माझ्या व्यावसायिक आयुष्यातली एकच खंत सांगायची तर ती हीच. माझे सर्वोत्तम भाषण झाले नाही. ते अजून माझ्याजवळ आहे आणि गुप्ते यांनी पुन्हा काही छापले, तर ते मी छापीन.

कार्यक्रम संपल्यावर वसुधाताई माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "सर, मी एलएलबी आहे. सनद कपाटात आहे. गुप्त्यांना माहीत असतं तर न्यायाधीश मीच झाले असते." मी म्हटले, "ताई, खोली हॉटेलच्या वर आहे, सोमवारी आणि बुधवारी." त्या फक्त हसल्या. वर्ग बंद पडला नाही. मी पुण्याला परतेपर्यंत, म्हणजे मरीना नावाच्या खड्ड्यात समुद्राचे पाणी सोडून त्याच्या काठी मनोरे उभे राहीपर्यंत, तो चालू होता.

माधवीबाई एप्रिलमध्ये रुजू झाल्या. त्यांचा वर्ग माझ्या भिंतीपलीकडे होता. पहिल्या तासाला चाळीस खुर्च्या एकदम मागे सरकल्याचा आवाज भिंतीतून आला तेव्हा मी माझ्या मुलांना म्हटले, "एक मिनिट थांबा." त्यांना कारण कळले नाही. सांगण्याची गरजही नव्हती.

पोतनीसांना ग्रेड मिळाली, व्हिलाही देऊ केला गेला. माधवीबाईंनी तो नको म्हटला. शाळा लांब पडली असती. पुढच्या संक्रांतीला त्यांनी कराम्यातल्या आपल्या फ्लॅटात हळदीकुंकू केले आणि संध्याकाळी जेवायलाही थांबवून घेतले, म्हणून आम्हा पुरुषांनाही बोलावणे होते. मी बैठकीत बसलो होतो. पोतनीस कोणा नव्या पाहुण्याला स्वतःची ओळख करून देत होते. "मी? मी पोतनीस मॅडमचा नवरा. लुलू सुपरमार्केटच्या रांगेत उभा राहिलो की पालक मला नंबर सोडतात."

तेवढ्यात बेल वाजली. दार माधवीबाईंनीच उघडले. जिने चढून आलेल्या वसुधाताई दारात उभ्या होत्या. भरजरी साडी, कपाळावर घाम, पायांतल्या चपलांवर कराम्यातली धूळ. त्यांची धाकटी मुलगी त्याच वर्षी माधवीबाईंच्या वर्गात आली होती. ती आईच्या मागून पुढे आली आणि सरळ उभी राहून म्हणाली, "बाँजूर, मादाम."

"बाँजूर," माधवीबाई म्हणाल्या आणि मग वसुधाताईंना कुंकू लावता लावता विचारले, "ताई, पार्किंग मिळालं?"

"दोन गल्ल्या पलीकडे," वसुधाताई म्हणाल्या. "शोधलं की मिळतं हो."